जोर लावू नकोस: बोटीवरचा तुंबलेला संडास आणि मी

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पॉडकास्ट बंद करतील. जेवत असाल तर खरंच करा, नंतर ऐका. आज मी संडासाच्या टाकीबद्दल बोलणार आहे. तीही घरातली नाही, शिडाच्या बोटीवरची.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी नेदरलँड्समध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. माझे एक निवृत्त सहकारी आहेत, साठी ओलांडलेले. त्यांची दहा मीटरची जुनी यॉट आहे. इकडच्या रिवाजाप्रमाणे तोंडावर मी त्यांना सरळ नावाने हाक मारतो, पण मराठीत बोलताना 'ते'च येतं, त्याला इलाज नाही. तर ते, त्यांची बायको आणि मी, असे तिघं पाच दिवसांच्या सफरीला निघालो. एंखाउझनहून निघायचं, आयसलमेर ओलांडायचं, डेन ऊवरच्या लॉकमधून वाडेन समुद्रात आणि तिथून टेक्सेल बेटावर. आयसलमेर म्हणजे एकेकाळचा समुद्रच. 1932 मध्ये 32 किलोमीटरचा बांध पुरा झाला आणि आतलं पाणी गोडं होत गेलं. बांधाच्या पलीकडे मात्र खारं पाणी आणि भरती-ओहोटी.

बोटीवरचा संडास कसा चालतो ते सांगतो. शेजारी एक हातपंप असतो. तो मारला की बाहेरचं पाणी भांड्यात येतं आणि भांड्यातला मैला नळीतून टाकीत जातो. या टाकीला म्हणतात होल्डिंग टँक. इथे 2009 पासून हौशी बोटींना संडासाचं पाणी असं बाहेर सोडायला बंदी आहे. म्हणून सगळं टाकीत साठवायचं आणि बंदरात पंप-आउट यंत्राने उपसून घ्यायचं. आमची टाकी साधारण 60 लिटरची. माणशी रोज पाच वेळा, दर वेळी दोन लिटर धरा. तिघांचे झाले 30. म्हणजे दोन दिवसांत टाकी फुल्ल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही टेक्सेलच्या आउडेस्खिल्ड बंदरात होतो. मी आत गेलो, पंप मारायला लागलो, तर हँडल जड. मी काय केलं? आपण इंजिनिअर. अजून जोर लावला! भांड्यातलं पाणी वर यायला लागलं. बाहेरून आवाज आला, "जोर लावू नकोस. पंप काहीतरी सांगतोय, ते ऐक."

हे वाक्य मला अजून आठवतं.

मग ते डेकवर गेले. तिथे टाकी उपसायचं एक झाकण असतं. त्यावर जाड फडकं धरलं, तोंड बाजूला वळवलं आणि झाकण अगदी हळूहळू फिरवलं. फुस्स करून हवा बाहेर आली. म्हणजे टाकीत दाब साठला होता. मी घाईत ते झाकण झटकन उघडलं असतं तर काय झालं असतं, ते तुमचं तुम्हीच समजा.

दाब का साठला? प्रत्येक टाकीला हवेसाठी एक बारीक नळी असते, व्हेंट. तिचं तोंड बोटीच्या बाहेरच्या अंगाला असतं. बोट कलली की मैल्याचे शिंतोडे तिच्यात जातात, मीठ साचतं, आणि ती बुजते. मग मैला आत येतो पण हवा बाहेर जात नाही. उलट, अशा वेळी पंप-आउट लावला तर हवा आत येत नाही आणि टाकी आत चेपते, फुटूही शकते. म्हणून पहिली तपासणी नेहमी व्हेंटची. तार घातली, पाणी मारलं, व्हेंट मोकळी झाली. मला वाटलं, सुटलो.

पंप-आउट लावला. थोडा मैला आला आणि थांबला. यंत्राचा आवाज बदलला. म्हणजे उपसण्याची नळीसुद्धा तुंबलेली.

ते म्हणाले, "खर असणार." समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. ते आणि लघवी एकत्र आली की नळीच्या आत दगडासारखा थर धरतो. आपल्याकडे गीझरच्या कॉइलवर धरतो ना, तसाच. त्यांनी सायट्रिक ॲसिडचं पाकीट काढलं. बेत असा, की रात्रभर ॲसिड भिजत ठेवायचं, नाहीच सुटलं तर सकाळी सगळ्या नळ्या खोलायच्या. म्हणजे सकाळची भरती चुकणार. वाडेन समुद्र उथळ आहे, आमची परतीची वाट भरतीच्या हिशेबावर. भरती चुकली की एक दिवस गेला.

आणि इथे माझ्या पोटात गोळा आला. कारण मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी एक ओला वाइप भांड्यात टाकला होता. पाकिटावर 'फ्लश करता येतो' असं लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं की आधी पोटात गेलेलं नसेल असं काहीही भांड्यात जाता कामा नये. तरी टाकला.

साठी ओलांडलेला माणूस गुडघ्यावर बसून ॲसिड मोजतोय आणि मी शेजारी टॉर्च धरून गप्प उभा. किती वेळ? दहा मिनिटं असतील. लाजच इतकी वाटत होती. शेवटी बोललो.

त्यांनी पाकीट खाली ठेवलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "कधी टाकलास? त्यानंतर टाकी उपसली का?" मी म्हटलं, नाही. "मग तो नळीच्या तोंडाशीच असेल. वाइपला ॲसिडने काही होत नाही. बरं झालं सांगितलंस."

बस, एवढंच.

मग सगळ्या खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले, बादली घेतली. नशिबाने उपसायचा पाइप टाकीच्या वरून आत उतरत होता, त्यामुळे तो काढला तरी मैला सांडला नाही. टाकीवर वाकायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. साठलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच कळत नाही. पाइपच्या खालच्या तोंडाशी माझा वाइप पिळून बसला होता. आत खरही होती, बोटभर जागा उरली होती. म्हणजे आम्ही दोघंही बरोबर होतो! पण वाइप मी काढला. माझ्या हाताने.

ते करताना एक गोष्ट मनात आली. हाच वायू आपल्याकडे सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्या माणसांचा जीव घेतो. हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे, तरी अशा बातम्या येतच राहतात. माझ्या घरची टाकी कोण साफ करायचं, हे मी सत्तावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला हातमोजे होते, उघडी खिडकी होती, आणि खाली उतरायची गरजच नव्हती.

ऑफिसमध्ये सर्व्हर पडला की आम्ही म्हणतो, दोष कोणाचा ते नको, काय घडलं ते सांगा. मी स्वतः मीटिंगमध्ये हे दहा वेळा बोललोय. पण आपलीच चूक असते तेव्हा लॉग लपवायची इच्छा किती होते, ते त्या दहा मिनिटांत कळलं. तुंबलेली नळी आम्ही तासाभरात मोकळी केली. मी बोललो नसतो तर रात्र गेली असती, भरतीही गेली असती.

तर कधी बोटीवर गेलात तर लक्षात ठेवा. हँडल जड लागलं की थांबा. आधी व्हेंट बघा. झाकण हळू उघडा. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो. खर धरू नये म्हणून दर वेळी चार पंप जास्त मारा, म्हणजे नळीत लघवी साचून राहत नाही. टाकी लवकर भरेल, भरू द्या. आणि चुकून काही टाकलंत तर लगेच सांगा.

सकाळी आम्ही भरतीवर निघालो. त्यांच्या बायकोने माझ्या हातात चहा दिला आणि वाइपचं उरलेलं पाकीट स्वतःच्या खिशात घातलं. बोलल्या काहीच नाहीत.

चला, भेटू पुढच्या भागात.