सामाईक म्हणजे बेवारशी नव्हे



कचेरीत एक संगणक, मुख्याध्यापकांच्या खोलीत दुसरा, शिक्षकांच्या खोलीत तिसरा, आणि या तिघांत मिळून छपाईचे यंत्र मात्र एकच, असा संसार पेडणे व डिचोली या आमच्या तालुक्यांतील पुष्कळ शाळांतून आजही दृष्टीस पडतो. यंत्रे जुनी असतात. कोणावर 'विंडोज एक्सपी' चालते, कोणावर 'विंडोज सेव्हन'. नवी घ्यावीत असे सर्वांनाच वाटते. परंतु पावसाळा तोंडावर आला म्हणजे आधी कौले परतावी लागतात आणि संगणकाचे नाव पुढच्या वर्षीच्या यादीत जाते. तेव्हा जी यंत्रे आहेत तीच नीट नांदवावीत कशी, त्यांच्यावरील प्रत्येकाचे खाते आणि सर्वांचा सामाईक प्रिंटर यांची व्यवस्था कशी ठेवावी, या विषयावर आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

छपाई या भूमीला नवी नाही. १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला. भारतातील तो पहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. भाषा मराठी असूनही अक्षरे रोमन होती, कारण देवनागरी खिळे त्या काळी हाताशी नव्हते. त्या छापखान्यांत लिहिणारा एक, खिळे जुळविणारा दुसरा आणि छापण्यास अनुज्ञा देणारा तिसरा असे. आज ही तिन्ही कामे एकाच बोटाने होतात. कळ दाबली की कागद बाहेर पडतो. सोय मोठी झाली खरी, पण कोणी लिहिले, कोणी छापले आणि कोणाच्या अनुज्ञेने छापले, हे तीन प्रश्न काही नाहीसे झाले नाहीत. त्यांची उत्तरे देण्याचे काम आता संगणकावरील खात्यांनी करावयाचे असते.

गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगणे फारसे कठीण नाही. आपल्याकडे गावकारी होती. जमीन सर्व गावकऱ्यांची सामाईक. तरी कोणाचा हक्क कोणता, कोणाकडून काय येणे, कोणाला काय देणे, याची वहीत नोंद असे आणि ती वही राखणारा मनुष्य ठरलेला असे. जमीन सामाईक होती म्हणून ती बेवारशी नव्हती. जेथे वही नीट राहिली तेथे सामाईकपणा टिकला. शाळेतील सामाईक संगणकाला आणि प्रिंटरलाही हाच न्याय लागू पडतो.

प्रथम खात्यांचा विचार करू. 'विंडोज ९८' च्या काळी संगणक सुरू होताना नाव व पासवर्ड विचारी. पण उत्तर न देता 'कॅन्सल' दाबले तरी यंत्र उघडे होई. दाराला कडी होती, पण ती शोभेपुरती. २००१ च्या ऑक्टोबरात 'विंडोज एक्सपी' बाजारात आली आणि घरगुती संगणकांनाही खरे कुलूप मिळाले. तिच्यात खात्यांचे दोन मुख्य प्रकार होते. एक 'ॲडमिनिस्ट्रेटर', म्हणजे घरधन्याचे खाते. दुसरे 'लिमिटेड', म्हणजे मर्यादित अधिकाराचे. पुढे 'विंडोज सेव्हन' मध्ये त्यालाच 'स्टँडर्ड' म्हणू लागले. घरधनी नवा कार्यक्रम बसवू शकतो, इतरांची खाती उघडू व मोडू शकतो. मर्यादित खात्याचा धनी आपले काम करतो, आपली कागदपत्रे ठेवतो. घराच्या भिंतीला मात्र तो हात लावू शकत नाही.

येथे एक गोम होती. 'एक्सपी' बसविताना जी खाती प्रथम उघडली जात, ती सगळी घरधन्याच्या अधिकाराची असत आणि त्यांना पासवर्डही नसे. बसविणारा तंत्रज्ञ निघून जाई आणि शाळेच्या हाती पाच घरधन्यांचे घर पडे. अशा घरात चूक कोणाची हे कधीच ठरत नाही. म्हणून पहिला नियम असा, की घरधन्याचे खाते एकच असावे, त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांनी लखोट्यात मोहोरबंद करून कपाटात ठेवावा, आणि ते खाते रोजच्या कामाला कोणीही, स्वतः मुख्याध्यापकांनीसुद्धा, वापरू नये. कारकुनाला, प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेला मर्यादित खाती द्यावीत. विषाणू आलाच, तर तो ज्याच्या खात्यातून येतो त्याच्याच अधिकाराने वावरू पाहतो. ज्याच्या हाती किल्ल्या थोड्या, त्याच्याकडून नुकसानही थोडे.

दुसरा नियम जाणाऱ्या माणसाविषयी आहे. शिक्षकाची बदली होते, कोणी निवृत्त होते, आणि उत्साही माणूस त्याचे खाते त्याच दिवशी मोडून टाकतो. हे करू नये. संगणक माणसाला नावाने ओळखत नाही; प्रत्येक खात्याला तो आतून एक अंक देतो आणि त्या अंकानेच ओळखतो. खाते मोडून त्याच नावाचे दुसरे उघडले, तरी ते नवेच खाते असते आणि जुन्याचे हक्क त्याला मिळत नाहीत. म्हणून आधी कागदपत्रे शाळेच्या ताब्यात घ्यावीत, खाते काही काळ बंद ठेवावे, आणि सर्व हिशेब पुरा झाल्यावरच ते काढावे. 'प्रोफेशनल' आवृत्तीत खाते बंद ठेवण्याची सोय 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' मध्ये आहे. 'होम' आवृत्तीत ती नसते, तेथे नुसता पासवर्ड बदलून भागवावे. त्यातही एक सावधगिरी हवी: घरधन्याने दुसऱ्याचा पासवर्ड बळाने बदलला, तर त्या माणसाने सांकेतिक लिपीत बंद केलेली कागदपत्रे उघडेनाशी होतात. ती आधी उघडून घ्यावीत.

आता प्रिंटरकडे वळू. तो ज्या संगणकाला तारेने जोडलेला असतो, त्याला यजमान म्हणावे. इतर संगणक त्याच्याकडे पाहुणे म्हणून येतात. यजमान झोपला तर पाहुण्यांची पंगत उपाशी राहते. म्हणून सकाळी प्रथम सुरू होणारा आणि संध्याकाळी शेवटी बंद होणारा, बहुधा कारकुनाचा, संगणक यजमान करावा आणि काही वेळाने आपोआप निद्रिस्त होण्याची त्याची सवय मोडून टाकावी. प्रिंटरला वाटणीचे नाव देताना ते आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता द्यावे. फार जुन्या यंत्रांनाही ते वाचता येते. सर्व संगणकांच्या 'वर्कग्रुप' चे नाव एकच आहे ना हेही पाहावे. 'एक्सपी होम' ते नाव 'एमएसहोम' असे ठेवी, इतर आवृत्त्या 'वर्कग्रुप' असेच ठेवतात, आणि मग एका छपराखाली असूनही शेजारी शेजाऱ्याला दिसत नाही. पाहुण्यांच्या संख्येलाही मर्यादा आहे: एका वेळी 'एक्सपी होम' पाचांना, 'एक्सपी प्रोफेशनल' दहांना आणि 'विंडोज सेव्हन' वीसांना आत घेते.

यजमान 'एक्सपी होम' असेल, तर तो येणाऱ्या सर्वांना 'गेस्ट' या एकाच नावाने आत घेतो. कोण आले हे त्याला कळतच नाही. 'विंडोज सेव्हन' मध्ये मात्र यजमानाच्या घरी पाहुण्याचे नाव व पासवर्ड बहुधा नोंदलेले असावे लागते, आणि पासवर्ड कोरा असेल तर दार उघडत नाही. 'काल चालत होते, आज चालत नाही' ही शाळाशाळांतून ऐकू येणारी तक्रार पुष्कळ वेळा येथेच उगम पावते. कोणी तरी आपल्या संगणकावर पासवर्ड बदललेला असतो आणि यजमानाला त्याची वार्ता नसते. यावर उपाय म्हणून लोक सगळी कुलुपेच काढून टाकतात. तो उपाय नव्हे. प्रत्येक शिक्षकाचे खाते यजमानाच्या संगणकावरही, त्याच नावाने व त्याच पासवर्डाने, मर्यादित अधिकाराचे उघडावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. पण मग छपाईच्या यादीत कागदासमोर ज्याचे त्याचे नाव येते.

हे नाव यावे असा आग्रह का, याचे कारण सांगतो. आमच्या भागातील एका शाळेत सहामाही परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी गणिताची प्रश्नपत्रिका छापावयास दिली गेली. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. कागद बाहेर येईना म्हणून आज्ञा तीनदा दिली गेली, आणि वीज गेली तशी मंडळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थ्याला दाखला हवा होता. कारकुनाने यंत्रे सुरू केली, कागद भरला, आणि दाखल्याच्या आधी त्या मुलासमोर प्रश्नपत्रिकेच्या तीन प्रती भराभर बाहेर पडल्या. पेपर रद्द करावा लागला. त्याहून वाईट म्हणजे, तो कोणी छापावयास दिला हे ठरेना, कारण सारे शिक्षक एकच खाते आणि एकच पासवर्ड वापरीत होते. ज्याच्यावर संशय गेला त्याला आपले निरपराधित्व सिद्ध करता आले नाही, आणि ज्याच्या हातून घडले त्याला ते कबूल करण्याचे कारण उरले नाही. त्या शिक्षकांच्या खोलीतील बोलणे पुढे कितीतरी दिवस तुटक राहिले.

यात यंत्राचा दोष काहीच नव्हता. संगणकात छपाईची रांग सांभाळणारा एक अदृश्य कारकून असतो. त्याला 'प्रिंट स्पूलर' म्हणतात. दिलेले काम तो टिपून ठेवतो आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले तरी विसरत नाही. म्हणून कागद बाहेर आला नाही तर पुन्हा आज्ञा देऊ नये. आधी रांग उघडून पाहावी आणि आपले काम तेथून काढावे. प्रत्येकाला आपापले काम रांगेतून काढण्याचा अधिकार असतो, दुसऱ्याचे काढण्याचा फक्त घरधन्याला. खाती वेगळी नसतील तर हा भेदच नाहीसा होतो. रांग अगदीच अडली, तर घरधन्याने 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन स्पूलर थांबवावा, विंडोजच्या 'सिस्टीम ३२' या कप्प्यातील 'स्पूल' आणि त्यातील 'प्रिंटर्स' हा कप्पा रिकामा करावा, आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. यात सर्वांचीच कामे पुसली जातात, तेव्हा आधी सर्वांना विचारावे. छापलेली कागदपत्रे जपून ठेवण्याची एक खूण प्रिंटरच्या गुणधर्मांत असते. ती काढलेली आहे याचीही खात्री करावी. तेथेच प्रिंटर दिवसाच्या कोणत्या वेळेत उपलब्ध असावा हे ठरविण्याचीही सोय आहे. आणि प्रश्नपत्रिका? ती छापणाऱ्याने प्रिंटरशेजारी उभे राहूनच छापावी. यापेक्षा चांगली तरतूद अद्याप निघालेली नाही.

पावसाळ्याविषयी एक वाक्य. आमच्या दमट हवेत कागद ओल धरतो, कडेने वळतो आणि यंत्रात अडकतो; कागदाचे बंडल उघडे टाकू नये आणि विजांच्या वेळी तारा काढून ठेवाव्यात.

आता जुन्या यंत्रांचा खरा धोका. 'एक्सपी' ची डागडुजी कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, 'सेव्हन' ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि 'विंडोज १०' चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला, तो संगणकांनी आपसांत वस्तू वाटून घेण्याच्या जुन्या रीतीतील भगदाडातूनच. त्यानंतर नव्या विंडोजने ती जुनी रीत मुळातच बंद ठेवली. म्हणून नवा संगणक आणला की तो 'एक्सपी' च्या प्रिंटरशी बोलत नाही. २०२१ च्या जुलैत त्या अदृश्य कारकुनातच, म्हणजे स्पूलरमध्ये, मोठी फट सापडली आणि ऑगस्टपासून प्रिंटरचा नवा चालक बसविण्यास घरधन्याचा पासवर्ड लागू लागला. नव्या यंत्राने घातलेला हा नकार त्रासदायक वाटला, तरी जुनी फट पुन्हा उघडून तो दूर करू नये. यजमानपद नव्या संगणकाकडे द्यावे आणि जुना संगणक इंटरनेटपासून तोडून टंकलेखनापुरता ठेवावा, अथवा त्यावर लिनक्स बसवावे. ज्यांना परवडेल त्यांनी स्वतःच जाळ्याला जोडला जाणारा प्रिंटर घ्यावा, म्हणजे यजमानाची गरजच उरत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शाळेत एवढा बंदोबस्त कशाला? आम्ही सारे एकमेकांना ओळखतो, आमचा एकमेकांवर विश्वास आहे. मी म्हणेन, तो विश्वास टिकावा म्हणूनच. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणे हा आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. पण शाळेत कायद्याच्या आधी शब्दाला किंमत असते. मुलांचे गुण, त्यांचे पत्ते, त्यांच्या घरची परिस्थिती हे सारे त्या संगणकांत आहे. पालकांनी ते आपल्या हवाली केलेले आहे. वेगळे खाते म्हणजे सहकाऱ्यावर दाखविलेला अविश्वास नव्हे. उद्या काही विपरीत घडले, तर 'हे मी केले' आणि 'हे मी केलेले नाही' ही दोन्ही वाक्ये मान ताठ ठेवून उच्चारता यावीत, एवढीच त्याची योजना आहे.

तेव्हा एक साधी वही घालावी. कोणत्या संगणकावर कोणाचे खाते, ते केव्हा उघडले, केव्हा बंद केले, प्रिंटर कोणाच्या ताब्यात, हे तीत लिहावे. पासवर्ड मात्र तीत लिहू नयेत. वही राखण्यास एक माणूस नेमावा आणि वर्षारंभी तिच्यावरून एकदा नजर फिरवावी. यंत्रे जुनी असली तरी चालेल, शिस्त नित्य नवी असली पाहिजे.