उपरी, उपरा, घुसखोर

(सीमाभागातील शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे निपाणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘स्थलांतर आणि मराठी’ हा विषय मोठा आहे. मी त्यातल्या तीन शब्दांपुरतंच बोलणार आहे. गाव सोडून आलेला माणूस आपल्या मनात गुन्हेगार कसा होत जातो, ते मला या शब्दांत दिसतं.

पहिला शब्द उपरी. पेशवाईतल्या गावगाड्यात जमीन कसणारे ठळकपणे दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदार वडिलोपार्जित हक्काचा, उपरी बाहेरून येऊन कसणारा. त्याला मिराशी हक्क नव्हता, गावच्या मानपानात जागा नव्हती. त्या काळाचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. बरोबरी तेव्हाही नव्हतीच. पण दुष्काळानं किंवा स्वारीनं ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं तर हाच माणूस लागे. मग त्याला कौल देऊन बोलवत. पहिली वर्षं सारा कमी आणि पुढे तो चढत जायचा, त्याला इस्तावा म्हणत. उपरी हा शब्द माणसाचा हक्क किती ते सांगे, त्याच्या चारित्र्याविषयी काही सांगत नसे.

दुसरा शब्द त्याच कुळातला, उपरा. 1980 साली लक्ष्मण माने यांचं त्याच नावाचं आत्मकथन आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणत गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती हकिकत. तोवर या शब्दात काय मिसळलं होतं, ते कायद्यात पाहावं लागतं. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 साली देशभर लागू करता येईल असा विस्तारला. या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. नाव नोंदवायचं, पोलिसांकडे हजेरी द्यायची, वसाहतीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. पासाशिवाय सापडला तर शिक्षा. चोरी केली का, हा प्रश्न नंतरचा. आधी, तू इथं का आहेस? अशा वसाहती आपल्यापासून लांब नव्हत्या. हुबळी, गदग, विजापूर, सोलापूर. कायदा 1952 साली रद्द झाला, पण हुबळीत आणि सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही पत्त्यात आहे.

तिसरा शब्द घुसखोर. त्यातला ‘खोर’ हा प्रत्यय पाहा. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर. हा प्रत्यय एका वेळच्या कृतीला लागत नाही, खोडीला लागतो. एकदा भांडला म्हणून कुणी भांडखोर होत नाही. पण एकदा सीमा ओलांडली, किंवा ओलांडली असा नुसता संशय आला, की माणूस घुसखोर होतो आणि राहतो.

देशानं आपली सीमा राखू नये असं मी म्हणत नाही. 2025 साली संसदेनं परकीय नागरिकांविषयीचे जुने कायदे एकत्र करून नवा कायदा केला. वैध कागदपत्रांशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा कृतीला आहे. मात्र आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार 1946च्या कायद्यात त्याच माणसावर होता आणि नव्यातही तो आहे. मग ज्याच्याकडे कागद कमी, त्याची भाषाच पुरावा मानली जाते. 2025च्या जूनमध्ये मुंबई परिसरात राबणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडले गेले. त्या राज्यानं कागदपत्रं पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीय होते आणि बंगाली बोलत होते, एवढंच.

भाषेवरून परकं ठरणं म्हणजे काय, ते या सभागृहात कुणाला समजवायला नको. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या माणसांनी घर बदललं नाही, राज्य बदललं. त्यानंतर ‘तिकडं जा’ हे वाक्य इथल्या मराठी माणसानं किती वेळा ऐकलं! 1986च्या आंदोलनात छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात आले. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांना जिल्हा प्रशासनानं प्रवेशबंदी केली. देशात कुठंही फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या कलमात आहे, पण तो जमावबंदीच्या आदेशापुढे किती टिकतो, हे आपण पाहिलं आहे.

तरीही हंगाम सुरू झाला आणि बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या शिवारात पडल्या, की आपण काय बोलतो ते आठवा. ‘लक्ष ठेवा जरा.’ मोटारीची केबल गेली, की पहिली नजर कोप्यांकडे. ही माणसं मराठी बोलतात. मुकादमाची उचल घेऊन, पोरंबाळं घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून ती इथं आली आहेत. कारखान्याला ती हवीत, गावाला नकोत. म्हणजे आपल्याला टोचते ती भाषा नव्हे. ती मंडळी बाहेरची आहेत आणि गरीब आहेत, हे टोचतं. सीमालढ्याच्या सभांत आपण हे बोलत नाही, म्हणून इथं बोलतो आहे.

आता वर्गाकडे येतो. बातमी लिहायला शिकवताना आपण सांगतो, निकाल लागेपर्यंत ‘आरोपी’ किंवा ‘संशयित’ लिहा, ‘गुन्हेगार’ लिहू नका. मराठी वृत्तपत्रं हे बऱ्यापैकी पाळतात. मग परकेपणाच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला पहिल्याच मथळ्यात ‘घुसखोर’ का म्हणायचं? त्याचं परकेपण तर अजून ठरायचं असतं. ‘कागदपत्रांअभावी ताब्यात घेतलेले मजूर’ हे लांब पडतं खरं, उपसंपादक कुरकुरतील. पण जे घडलं ते एवढंच आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. आठ दिवसांची वृत्तपत्रं घ्या. बाहेरून आलेल्या माणसांसाठी आलेला प्रत्येक शब्द, त्याचं क्रियापद आणि ती बातमी कोणाच्या तोंडून आली, एवढं वहीत उतरवा. त्या माणसाचं स्वतःचं वाक्य बातमीत असेल, तर त्यापुढे खूण करा.