अर्धेलीचा करार



या अधिवेशनाचे अध्यक्षपद अर्थशास्त्राच्या एखाद्या व्यासंगी पंडिताकडे न देता, उभे आयुष्य करारनाम्यांच्या मसुद्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाकडे आपण दिलेत, याचे कारण मी असे समजतो की, संगणकाच्या यंत्रसामग्रीचे समभाग घेणाऱ्या आपल्या मंडळींना 'भागीदारी' या एका शब्दाने अलीकडे फार भुरळ घातली असून, त्या शब्दाची झडती वकिलाकडून घेवविणे आपणांस उचित वाटले असावे. आमच्याकडे जमीन अर्धेलीने देताना सातबारा कोणाच्या नावावर, बी कोणाचे, आणि कराराची मुदत संपल्यावर बांधाबाहेर कोणी जायचे, एवढे विचारल्यावाचून कोणी अंगठा उठवीत नसे. अमेरिकेतील चिप-कंपन्यांचे समभाग घेताना मात्र तीच शहाणी माणसे केवळ दोन मोठी नावे एकत्र छापलेली पाहून हर्षभरित होतात.

1981 साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या हृदयस्थानी इंटेलची 8088 ही चिप होती. परंतु एकाच पुरवठादाराच्या मर्जीवर अवलंबून राहणे त्या सावध कंपनीला मान्य नसल्यामुळे तिने दुसऱ्या उत्पादकाचा आग्रह धरला, आणि 1982 मध्ये इंटेल व एएमडी यांच्यात तंत्रविनिमयाचा करार झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयबीएमने 25 कोटी डॉलर मोजून इंटेलचे सुमारे 12 टक्के समभागही घेतले. एवढा बंदोबस्त पाहून त्या काळच्या गुंतवणूकदाराने आयबीएमलाच मालक आणि इंटेलला कूळ मानले असते, तर त्याला दोष देता आला नसता.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. 1985 मध्ये 386 ही चिप सिद्ध झाल्यावर इंटेलने तिचे तंत्र एएमडीच्या स्वाधीन करण्यास नकार दिला; प्रकरण लवादाकडे गेले, तेथून न्यायालयांत रेंगाळले, आणि 1995 मध्ये तडजोडीने मिटले, तोवर एएमडीला स्वतःच्या हिमतीवर घडविलेली 386 बाजारात आणण्यासाठी 1991 साल उजाडले होते. इकडे आयबीएम मागे राहिली, आणि 386वर चालणारा संगणक 1986 मध्ये प्रथम विकला तो कॉम्पॅक या नवख्या कंपनीने, जिच्यापाशी इंटेलचा एकही समभाग असण्याचे कारण नव्हते! आयबीएमने तर 1987पर्यंत आपले इंटेलचे समभाग विकूनही टाकले, आणि पुढल्या दशकात त्यांचे मोल कितीपट वाढले, हे मी या सभेस सांगून कोणाचे दुःख वाढवू इच्छित नाही. सातबारा इंटेलच्या नावावर होता, हे त्या सर्व दस्तऐवजांत कोठेही ठळक अक्षरांत लिहिलेले नव्हते.

आता वर्तमानाकडे येऊ. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच एएमडीने ओपनएआयशी करार जाहीर केला आणि तिचा भाव एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक चढला. करारातील ठळक अंग सहा गिगावॅट क्षमतेच्या चिपांचे; पण त्यासोबत विक्रेत्याने ग्राहकालाच प्रत्येकी एका सेंटला 16 कोटींपर्यंत समभाग घेण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने दिला आहे, आणि शेवटचा टप्पा एएमडीचा भाव 600 डॉलरला पोहोचल्यावाचून खुला होणार नाही. माल घेणाऱ्यालाच वाटा देण्याची ही रीत मी निंद्य म्हणत नाही, कारण चिप बनविणाऱ्यास मोठा ग्राहक मिळवून देणारी ती कदाचित उत्तम खेळी ठरेल; मात्र समभागांची संख्या त्याने वाढेल ती तुमच्याआमच्या हिश्शाच्या पोटातून.

कार्यवाहांना मी विनंती केली आहे की, दुपारच्या सत्रात वक्त्यांनी पुढल्या तिमाहीचे भाकीत करण्यापूर्वी या कराराचा अमेरिकी रोखे आयोगाकडे दाखल झालेला मजकूर प्रथम वाचावा. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहा त्याच्याच पलीकडे आहे.