आधी पाण्याकडे धावा



मी सेवानिवृत्त फौजी. सध्या मुक्काम कोलकात्यात, सियालदह स्टेशनाजवळ, लेकीकडे. नातू आठ वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. बोलतो अगदी थोडं. पाणी मात्र त्याला जीव की प्राण.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं आणि पोरगा घरात नाही. मी तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण धावलो स्टेशनाकडे. वाटलं, गर्दीत हरवला असेल. लेक उलट्या दिशेला, गल्लीमागच्या पुकुराकडे गेली. बंगालीत तळ्याला पुकुर म्हणतात. पोरगा तिथेच होता. शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभा राहून पाण्यावरचं ऊन बघत होता. लेकीनं जाऊन त्याचा हात धरला. मी गेलो होतो चुकीच्या दिशेला. ते अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट. असं मूल दिसेनासं झालं की आधी पाणी बघा. विहीर, तळं, हौद, सोसायटीचा पूल. रस्ता नंतर. हाकेला ते ओ देईलच असं नाही, आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतही नाही. अमेरिकेतल्या मृत्यूनोंदी तपासून कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सांगितलं, की पंधरा वर्षांखालच्या ऑटिस्टिक मुलांना बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या सुमारे १६० पट आहे.

दुसरी गोष्ट, पोहायला शिकवा. आपल्याकडे पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत ढकलायची रीत होती. ती इथं चालणार नाही. एकदा पाण्याची धास्ती बसली की मूल पुन्हा उतरणार नाही. फौजेतल्या ड्रिलसारखं शिकवा. रोज तीच वेळ, तोच शिक्षक, तोच क्रम. तोंडी सूचनांपेक्षा चित्रं दाखवा. गर्दी आणि शिट्ट्या टाळा. हातपाय मारणं नंतर. आधी तीन गोष्टी: पाण्यात पडल्यावर वळून काठ धरणं, पाठीवर तरंगणं, पायऱ्यांनी बाहेर येणं. जमलं की एकदा रोजच्या कपड्यांत करून घ्या. पोरं पोहण्याचा पोशाख घालून तळ्यात पडत नाहीत.

अशी मुलं किती पुढे जातात, ते मुंबईच्या जिया रायनं दाखवलं. नौदलातल्या नाविकाची ही ऑटिस्टिक मुलगी. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बाराव्या वर्षी, वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली, ८ तास ४० मिनिटांत. जुलै २०२४ मध्ये तिनं इंग्लिश खाडी पार केली, १७ तास २५ मिनिटांत. आता एक ध्यानात घ्या. इंग्लिश खाडी पोहताना सोबत बोट लागतेच, तसा नियमच आहे. सतरा तास पोहणाऱ्या मुलीवर नजर ठेवावी लागते, तर आपल्या पोराला चार हात मारता आले म्हणून आपण निर्धास्त कसे?

म्हणून तिसरी गोष्ट, पहारा. दहा जण काठावर असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. फौजेत पहारा तोंडानं सांगून सोपवतात. तसंच करा. ‘पहारा माझा’ असं एकानं म्हणायचं, मोबाइल खिशात ठेवायचा. पंधरा मिनिटांनी दुसऱ्यानं ‘आता माझा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही.

आणि मूल बाहेर काढल्यावर श्वास घेत नसेल तर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्याला ११२ लावायला सांगा. हे आधीच शिकून ठेवा.

नातू आता रोज सकाळी पोहायला जातो. परवा काठाशी पोचल्यावर थांबला, मागे वळला आणि माझ्यापुढे हात केला. एवढं शिकायला दीड वर्ष लागलं. मंडळी, तुमच्या घरी असं लेकरू असेल तर आजच दाराला वरच्या बाजूला कडी लावा, आणि उद्यापासून ड्रिल सुरू करा.

जय हिंद.