रॅप : कविता की कबुलीजबाब?



1972 ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, म्हणून आज तिकडच्या कवितेविषयी बोलतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये 1973 साली हिप-हॉप जन्मलं. त्यातलं रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेली यमकांची कविता. मी साच्यावर उभा राहिलेला माणूस, ठेका मला कळतो. पण बघा, गोऱ्या जॉनी कॅशने 1955 मध्ये खुनी कैद्याच्या तोंडचं गाणं गायलं, ती कला ठरली. काळ्या पोरानं रॅपमध्ये 'मी' म्हटलं, की सरकारी वकील तोच कागद कोर्टात पुरावा म्हणून ठेवतो! 2018 ला केंड्रिक लमारला पुलित्झर मिळालं. कॅलिफोर्नियात मात्र अशा पुराव्याला आळा घालणारा कायदा यायला 2022 उजाडलं.