भूमीवर उतारा सापडत नसेल तर



पीककर्ज असो वा वाटणी, पहाणीचा उतारा लागतोच. कर्नाटकात २०००च्या सुमारास ‘भूमी’ योजनेतून हे उतारे संगणकावर आले. तरीही चिकोडी-निपाणी भागातल्या अनेकांना मोबाईलवर आपलीच जमीन सापडत नाही. बहुतेकदा नोंद असते, चुकतो तो शोध.

पहिली अडचण तालुक्याची. निपाणी आता वेगळा तालुका आहे. कोगनोळी, सौंदलगा ही गावं पूर्वी चिकोडी तालुक्यात होती. तिथली जमीन आज चिकोडीखाली शोधाल तर गावाचं नाव यादीत दिसणारच नाही. म्हणून आधी जिल्हा बेळगावी, मग तालुका, होबळी आणि गाव या क्रमानेच पुढे जा.

दुसरी अडचण नावाची. नोंदी कन्नडमध्ये आहेत. तिथे एखादी वेलांटी किंवा जोडाक्षर वेगळं पडलं, की नाव जुळत नाही. त्यामुळे नावापेक्षा सर्व्हे नंबर धरून शोधा. तो जुन्या उताऱ्यावर किंवा खरेदीखतावर मिळेल. सर्व्हे नंबरानंतर हिस्सा नंबरही नीट निवडा, कारण वाटणी झाली असेल तर एका नंबराचे अनेक हिस्से असतात. शेवटी उताऱ्याचं वर्ष तपासा.

इतकं करूनही उतारा निघाला नाही, तर जुना कागद घेऊन नाडकचेरीत किंवा तहसीलदार कार्यालयातल्या भूमी केंद्रात जा. आणि नावात चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. कर्जाची किंवा नुकसानभरपाईची वेळ येईपर्यंत थांबू नका.