शत्रूच्या घरी पाहुणा: युरोपातल्या जुळ्या गावांची गोष्ट

बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल, किंवा घरी भांडी घासता घासता, आवाज नीट येतोय ना? मग सुरू करूया.

पुण्यात औंधला एक ब्रेमेन चौक आहे. कंपनीच्या बसने मी तिथून रोज जायचो. सिग्नल लागला की पाटी दिसायची. खरं सांगतो, जवळजवळ दोन वर्षं मला वाटत होतं की ब्रेमेन हे ब्रिटिशांच्या काळातल्या कुठल्यातरी साहेबाचं नाव असणार. नंतर कळलं, ब्रेमेन हे जर्मनीतलं शहर आहे, आणि त्याचं पुण्याशी मैत्रीचं नातं आहे. सत्तरच्या दशकापासूनचं. मुंबईचं असंच नातं स्टुटगार्टशी आहे, १९६८ पासून. मी म्हटलं, बरं. दोन महापौरांनी हात मिळवले असतील, फोटो काढला असेल, एका चौकाला नाव दिलं असेल. संपलं.

मग कंपनीने मला आठ महिने स्टुटगार्टला पाठवलं. शहरात भाडं परवडेना, म्हणून मी बाहेरच्या एका छोट्या गावात खोली घेतली. गावाच्या वेशीवर पिवळी पाटी, त्यावर गावाचं नाव. आणि शेजारीच दुसरी पाटी, तिच्यावर फ्रान्समधल्या एका गावाचं नाव. खाली लिहिलेलं, 'आमचं जोडीदार गाव'.

माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचो. एका शनिवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं आणि म्हणाले, "जरा खुर्च्या उचलायला येतोस का? संध्याकाळी फ्रान्सची बस येतेय." गेलो. गावच्या सभागृहात टेबलं लावली, खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी बस आली, चाळीसेक माणसं उतरली. मला वाटलं होतं, आता भाषणं होतील. तसं काही झालंच नाही. बॅगा उतरवल्या आणि ज्याचा त्याचा पाहुणा ज्याच्या त्याच्या घरी! हॉटेल वगैरे भानगडच नाही. दोन रात्री सगळे कुणा ना कुणाच्या घरी राहणार होते.

रात्री मी आजोबांना विचारलं, हे कधीपासून चालू आहे? ते म्हणाले, "मी पहिल्यांदा तिकडे गेलो १९६४ मध्ये. चौदा वर्षांचा होतो. माझे वडील युद्धात जर्मन सैन्यात होते. आणि ज्या घरी मी राहिलो, त्या घरातला थोरला मुलगा युद्धातून परत आलाच नव्हता. भिंतीवर त्याचा फोटो होता. पहिल्या रात्री त्या बाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, अंडं कसं हवं?"

एवढंच सांगितलं त्यांनी. पण मला त्या रात्री झोप लागेना. ज्या बाईचा मुलगा गेला, तिने शत्रूच्या मुलाला घरात का घेतलं असेल? आजचा भाग या प्रश्नावरच आहे.

थोडा इतिहास बघू. कंटाळवाणा नाहीये, थांबा.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात सत्तर वर्षांत तीन मोठी युद्धं झाली. १८७० ला एक, १९१४ ला दुसरं, १९३९ ला तिसरं. म्हणजे आजोबा, मुलगा, नातू, तिघांच्याही वाट्याला एकेक युद्ध. जर्मन म्हणजे शत्रू, हे फ्रान्समध्ये मुलांना वेगळं शिकवावंच लागत नसे.

माझ्या खोलीपासून ट्रेनने थोड्याच अंतरावर लुडविग्सबुर्ग नावाचं शहर आहे. १९५० मध्ये या शहराने फ्रान्समधल्या माँबेलियारशी जुळं नातं जोडलं. युद्धानंतर फ्रेंच आणि जर्मन गावांमध्ये झालेली ही पहिली जोडी. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. माँबेलियारचे महापौर होते ल्युसियाँ थारादँ. हा माणूस युद्धकाळात फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. जर्मनांनी त्याला पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. तिथून तो जिवंत परत आला, महापौर झाला, आणि त्यानेच जर्मन शहराशी मैत्रीचा हात पुढे केला.

या दोन शहरांना एक जुना धागाही होता. माँबेलियार कधीकाळी जवळजवळ चारशे वर्षं वुर्टेम्बर्गच्या राजघराण्याकडे होतं, आणि लुडविग्सबुर्ग म्हणजे त्याच घराण्याचं शहर. पण राजे-रजवाड्यांचं नातं १९५० मध्ये कुणाच्या कामाचं होतं? कामाला आली ती साधी माणसं. खेळाडू, शाळेतली मुलं, गाणारी मंडळी.

आता यातला क्रम बघा, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लुडविग्सबुर्गची जोडी १९५० ची. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या अंगणात जर्मन तरुणांपुढे उभे राहिले सप्टेंबर १९६२ मध्ये. तेही चक्क जर्मन भाषेत बोलले. हेच द गॉल पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते, बरं का. आणि दोन देशांचा मैत्रीचा करार, एलिझे करार, झाला २२ जानेवारी १९६३ ला. म्हणजे गावं आधी भेटली. देशांची सही तब्बल तेरा वर्षांनी आली.

आपल्याला नेहमी वाटतं की आधी मनं जुळली पाहिजेत, मग भेटायचं. इथे उलटं झालं. आधी भेटले, एकमेकांच्या घरी जेवले, झोपले. मनं सावकाश जुळली. काहींची जुळलीही नसतील.

त्या करारानंतर, १९६३ मध्येच, दोन्ही देशांनी मिळून तरुणांसाठी एक कार्यालय काढलं. काम एकच, इकडच्या मुलांना तिकडे आणि तिकडच्यांना इकडे पाठवणं. आजपर्यंत लाखो मुलं जाऊन आली. आज फक्त फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातच अशा दोन हजारांहून जास्त जोड्या आहेत. म्हणजे हजारो वेशींवर तशा पाट्या!

हे प्रत्यक्षात चालतं कसं? सोपं आहे. दोन्ही गावांच्या परिषदा ठराव करतात, कागदावर सह्या होतात. पण कागद हा फक्त परवाना. खरं काम करते गावातली समिती. पगार नाही, मानधन नाही. शिक्षक, बेकरीवाला, निवृत्त पोस्टमन अशी माणसं. बस ठरवायची, कुणाचा पाहुणा कुणाकडे ते बघायचं, कुणाला मांस चालत नाही, कुणाला जिना चढवत नाही, याची यादी करायची. एका वर्षी ते येणार, पुढच्या वर्षी आपण जायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर सह्या म्हणजे लाँच. त्यानंतरची पन्नास वर्षं नुसता मेंटेनन्स. आणि तुम्हाला माहितीये, मेंटेनन्स करायला कुणालाच आवडत नाही.

आता दुसरी गोष्ट, ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्ब टाकले. पाचशेहून जास्त माणसं गेली. शहराचं जुनं कॅथेड्रल जळून गेलं, फक्त भिंती आणि मनोरा उरला. दोन वर्षांनी रशियात स्टालिनग्राडची लढाई पेटली. कॉव्हेंट्रीच्या बायकांनी बातम्या ऐकल्या आणि त्यांना कळलं, आपल्यावर जे एका रात्रीत आलं, ते तिथे रोज चाललंय. त्यांनी एक टेबलक्लॉथ घेतला, त्यावर ८३० बायकांची नावं भरतकामाने काढली. प्रत्येकीने सहा-सहा पेन्स घातले. तो कापडाचा तुकडा आणि ते पैसे स्टालिनग्राडला पाठवले. त्या कापडावर एक वाक्य विणलेलं होतं. त्याचा अर्थ असा की मोठ्या सहानुभूतीपेक्षा छोटीशी मदत बरी. १९४४ मध्ये ही दोन शहरं जुळी झाली. आधुनिक काळातली अशी पहिली जोडी बहुतेक वेळा हीच सांगितली जाते.

पण स्टालिनग्राड तर मित्रदेशाचं शहर होतं. खरी परीक्षा पुढे होती. कॉव्हेंट्रीने १९५९ मध्ये ड्रेस्डेनशीही नातं जोडलं. ड्रेस्डेन म्हणजे जर्मनी. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ज्या शहरावर बॉम्ब टाकले ते. तिथे सुमारे पंचवीस हजार माणसं मारली गेली. जाळलेल्या एका शहराने दुसऱ्या जाळलेल्या शहराचा हात धरला, आणि जाळणारे होते एकमेकांचेच देश.

नुसता हात धरला असंही नाही. १९६१ मध्ये काही जर्मन तरुण कॉव्हेंट्रीला आले आणि जळक्या कॅथेड्रलच्या अवशेषांत बांधकाम करत राहिले. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीहून तरुण मुलं-मुली ड्रेस्डेनला गेली आणि बॉम्बने पडलेलं एक हॉस्पिटल परत उभं करायला मदत केली. तेव्हा ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत होतं, म्हणजे शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूला. ही मुलं तुमच्या-माझ्या वयाची, काही तर आपल्यापेक्षाही लहान.

आणि याचा शेवट ऐका. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे मोठं चर्च त्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं होतं. ते पुन्हा बांधून २००५ मध्ये उघडलं. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रॉस ब्रिटनमधल्या लोकांनी भेट दिला. तो घडवणाऱ्या कारागिराचं नाव ॲलन स्मिथ. त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण तेवढंच सांगितलं तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल.

स्टालिनग्राडला आता व्होल्गोग्राड म्हणतात. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला, आणि कॉव्हेंट्रीने आपल्या या सगळ्यात जुन्या जोडीदाराशी असलेले अधिकृत संबंध थांबवले. त्याआधी २०२० मध्येही असंच काहीसं झालं होतं. पोलंडमधल्या काही गावांनी समलिंगी लोकांच्या विरोधात ठराव केले, तेव्हा युरोपियन युनियनने अशा सहा गावांना जुळ्या गावांच्या कार्यक्रमाचा निधी नाकारला. नेदरलँड्समधल्या न्यूवेखाइनने पोलंडमधल्या पुवावीशी मैत्री तोडली.

चूक की बरोबर? मी बरेच दिवस यावर विचार करतोय. तोडणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं. तिकडे अन्याय चाललाय आणि आपण पाहुणचार घ्यायचा, हे कसं शोभेल? गप्प बसलो तर ती संमतीच झाली. पण दुसरी बाजूही आहे. नातं तुटलं की सगळ्यात आधी एकटा कोण पडतो? त्या गावातला तोच माणूस, ज्याला तो ठराव मान्य नव्हता. त्याच्याकडे येणारा पाहुणाच थांबतो. मला वाटतं, परिषदेने सही मागे घ्यावी, झेंडे उतरवावेत, समारंभ बंद करावेत, पण माणसांनी फोन बंद करू नये. थारादँ यांनी १९५० मध्ये जर्मनीला माफ केलं होतं की नाही, ते आपल्याला कुठे माहीत आहे? पण दार त्यांनी उघडलं होतं.

आणि हे नातं गरजेला कामालाही येतं. जर्मनीतलं फ्रायबुर्ग आणि युक्रेनमधलं ल्विव्ह १९८९ पासून जुळी शहरं आहेत. युद्ध सुरू झाल्यावर फ्रायबुर्गहून ल्विव्हला मदत निघाली. कुणाला फोन करायचा, काय हवंय, गाडी कुठे लावायची, हे विचारत बसावं लागलं नाही. तीस वर्षांची ओळख होती ना.

खरं सांगू का, भांडणाने तुटलेल्या जोड्या थोड्याच. जास्त जोड्या मरतात त्या कंटाळ्याने. इंग्लंडमध्ये बिशप्स स्टॉर्टफर्ड नावाच्या गावाने २०११ मध्ये आपल्या फ्रेंच आणि जर्मन जोडीदारांना कळवून टाकलं की आता पुरे. युद्ध नाही, भांडण नाही.

आमच्या आजोबांची काळजी हीच होती. त्यांच्या समितीत साठीच्या आतलं कुणीच नाही. मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, काहीतरी कर की." मी काय केलं, पाहुण्यांच्या नोंदणीचा एक ऑनलाइन फॉर्म बनवून दिला, व्हॉट्सॲप ग्रुप काढून दिला. अर्ध्या तासाचं काम. ते इतके खूश झाले की मलाच लाज वाटली. पण ग्रुपवर तरुण किती आले? मी धरून तीन.

मी विचारलं, मुलं का येत नाहीत? ते म्हणाले, "त्यांना गरज वाटत नाही. विमानाचं तिकीट स्वस्त आहे, सगळं जग फोनमध्ये आहे." थोडं थांबून म्हणाले, "पण फोनमध्ये कुणी विचारत नाही, अंडं कसं हवं."

आता मी पुण्यात परत आलोय. परवा ब्रेमेन चौकात सिग्नलला थांबलो होतो. तीच पाटी, तेच हॉर्न. पण या वेळी मनात आलं, त्या शहरातही कुणीतरी समितीवाला असेल, यादी घेऊन बसलेला. पुण्याहून कुणी येणार आहे का, याची वाट बघत.

तर आज एक काम करा. आपल्या शहराचं जोडीदार शहर कुठलं, ते शोधा. मुंबईकरांना तर मी आत्ताच सांगून टाकलंय. सापडलं की कमेंटमध्ये लिहा. आणि आपल्या शहरातून तिकडे कधी कुणी जातं का, तिकडून कुणी येतं का, तेही विचारून बघा. महापालिकेत फोन करून विचारायला काय जातंय? मी ब्रेमेनसाठी विचारतोय. काय उत्तर मिळालं ते पुढच्या भागात सांगतो.

आजोबांचा काल मेसेज आला होता. या वर्षी त्यांच्या गावची बस फ्रान्सला जाणार आहे. फॉर्म अजून चालतोय म्हणे. नऊ जागा शिल्लक आहेत.

चला, भेटूया. काळजी घ्या.